'हकीकत' अख्खा दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या युद्धपटांवरचा लेख वाचला. दिग्दर्शक चेतन आनंद यांच्या 'हकीकत'चे लेखकांनी मनापासून कौतुक केले आहे. पण जवानांच्या प्रेमाचे प्रसंग आणि गाणी यांमुळे लढाई रेंगाळते, तेवढा भाग काढला तर आजच्या पोरांना चित्रपट आवडेल, असेही त्यांनी लिहिले आहे. हे मला अजिबात पटले नाही. आमचे हे पायदळात होते, लडाखमध्येही राहून आले. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षे मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात सासू-सासऱ्यांजवळ काढली. आम्हा घरच्या माणसांना लढाई जेवढी कळली, ती याच काढून टाकायच्या भागात आहे.

'हकीकत' १९६४चा, चीनबरोबरच्या लढाईवरचा. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केला आणि महिनाभरात आपली फौज मागे हटली. त्याच महिन्यात दिवाळी होती. आपल्याकडे त्या दिवसांत सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागलेली असते, बहिणी भाऊबीजेला भावाची वाट पाहत असतात. चित्रपटात लताबाईंच्या आवाजात त्या वर्षीच्या रक्ताने माखलेल्या दिवाळीचे गाणे आहे. ज्या घरचा माणूस सीमेवर आहे त्या घरात ते गाणे ऐकून पाहा, मग ते लढाईत अडथळा आणते का ते सांगा.

आणि ते चार आवाजांचे गाणे! मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि तेव्हा अगदी नवखे असलेले भूपिंदर सिंग. शब्द कैफी आझमींचे, चाल मदन मोहन यांची. थकलेले, हरलेले जवान डोंगरात बसलेत आणि प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरी जाऊन येतोय. तिने मला नाइलाजाने विसरायचे ठरवले असेल, खोलीचे दार लावून माझी पत्रे जाळली असतील, मेजावरचा माझा फोटो उचलताना तिला काय वाटले असेल. शत्रूबद्दल त्यात अवाक्षर नाही. कुणी तिला दोषही देत नाही. तिच्यावर काय बेतले असेल याचीच त्यांना काळजी आहे. बासष्टच्या लढाईत आपले हजारो जवान चीनच्या कैदेत पडले, त्यांतले बहुतेक पुढच्या वर्षी सुटले. तोवर त्यांच्या घरच्यांनी काय समजायचे? पोरीच्या माहेरच्यांनी काय ठरवायचे? ही काही कवीची कल्पना नव्हती, घरोघरी हेच चालले होते.

फौजी माणसाच्या पत्रावर '५६ एपीओ' (फौजेचे टपाल कार्यालय) एवढाच पत्ता असतो, हे शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. गाव नाही, जिल्हा नाही. तो बर्फात आहे की वाळवंटात, हे पाकिटावरून कळत नाही. आम्ही बाया मजकुरावरून अंदाज बांधायचो. मोजे मागवले म्हणजे थंडीत आहे. मनीऑर्डर वेळेवर आली की जीव भांड्यात पडायचा. तार आली तर आधी कुणीच हात लावायचे नाही.

हा चित्रपट मी सासूबाईंबरोबर जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला. तोवर तो बराच जुना झाला होता, रीळ मध्ये मध्ये तुटत होते. सासूबाईंना हिंदी फारसे कळत नव्हते. गोळीबार सुरू झाला की त्या डोळे मिटून घेत. पण ते चार आवाजांचे गाणे लागले तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "सुनबाई, आपला बाबू बी असाच बसला असन का वं?" पूर्ण तंबूत बायांच्या बाजूला कुणी बोलत नव्हते. त्यांच्यासाठी तो चित्रपट त्या गाण्यातच होता.

सगळेच प्रेमप्रसंग सारखे उतरलेत असे मी म्हणणार नाही. धर्मेंद्रचा कॅप्टन आणि प्रिया राजवंशची लडाखी अंगमो यांच्या भेटी मला कृत्रिम वाटतात. तिची बोली तिथली वाटत नाही. पण सोबत्यांना निघून जाता यावे म्हणून ती दोघे शत्रूला अडवून धरतात आणि तिथेच मरतात, तिथे आधीच्या भेटी कामी येतात. त्या कापल्या तर उरतील फक्त दोन प्रेते. १८ नोव्हेंबर १९६२ला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊँ या पलटणीच्या त्यांच्या कंपनीतले बहुतेक सगळे जवान असेच लढत पडले. बर्फात पडलेल्यांची प्रेते काही महिन्यांनी सापडली तेव्हा कित्येकांच्या हातात बंदुका तशाच होत्या. त्यांच्यातही कुणाच्या खिशात पत्र असेलच ना?

आता माझी खरी तक्रार. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला गावोगावी सकाळपासून भोंग्यावर 'हकीकत'चे शेवटचे गाणे वाजते. रफीसाहेबांचा तो आवाज ऐकला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण चित्रपटात ते विजयाचे गाणे नाही. सगळे हरल्यावर, पडलेल्या जवानांवर ते वाजते. मरणारा माणूस देश तुमच्या हवाली करतो. तो काय मागे ठेवून चाललाय हे आधीच्या गाण्यांनी दाखवलेले असते, म्हणून त्याला वजन आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना विचारले तर हे गाणे तोंडपाठ आहे, चित्रपट एकानेही पाहिलेला नाही. त्यांना वाटते ते कवायतीचे गाणे आहे.

म्हणून विनंती आहे. आपले दैनिक आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांनी मिळून येत्या पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात तालुक्यातल्या मोठ्या गावांत हा चित्रपट दाखवावा. एकही गाणे न कापता. शाळांत आता प्रोजेक्टर आहेत, पडद्याला पांढरी चादरही चालते. माजी सैनिकांना पुढे बसवा, वीरपत्नींना आणि सैनिकांच्या आयांना आवर्जून बोलवा. वेळ मात्र रात्री आठनंतरची ठेवा, निंदणाहून आलेल्या बायांचा स्वयंपाक त्याआधी उरकत नाही.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. आर्वी, जि. वर्धा