गौरीचं तिखट आणि मागची पडवी

कोलंबस, ओहायो
६ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

आई, सोमवारी फोनवर तू विचारलंस, "गौरीला तिखट दाखवलंत ना?" आणि मी "हो हो, झालं सगळं" म्हणून विषय बदलला. घरात पाहुणे होते आणि तुझी सून शेजारीच उभी होती. आता खरं सांगतो. कोंबडीचं तिखट दाखवलं, पण ते स्वयंपाकघरात शिजलं नाही, मागच्या अंगणात ग्रिलवर शिजलं.

यंदा गौरीपूजन आणि इथला लेबर डे एकाच दिवशी आले, १ सप्टेंबरला. सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला की इथल्या लोकांच्या लेखी उन्हाळा संपला. पोहण्याचे सार्वजनिक तलाव बंद होतात आणि त्या दिवशी ज्याच्या त्याच्या अंगणातून धूर निघत असतो. मग फॉलसाठी, म्हणजे पानगळीच्या ऋतूसाठी, घरं सजायला लागतात. मक्याच्या वाळक्या ताटांच्या पेंढ्या, भोपळे, गवताचे भारे. दारावर लाल-पिवळ्या पानांचं गोल चक्र टांगतात, बहुतेकांचं प्लास्टिकचंच. बाहेरचा खरा मेपल तेव्हा हिरवागार असतो, पण लोकांना धीर नसतो.

आणि पायऱ्यांवर कुंड्या कसल्या ठेवतात, तर शेवंतीच्या! दुकानाबाहेर पिवळी, तांबूस, जांभळट शेवंती ढिगाने मांडलेली. शेजारीपाजारी ती शोभेला नेतात, मी सहा कुंड्या गौरीसाठी आणल्या. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "फॉलची तयारी वाटतं?" मी म्हटलं, "हो." एवढं सगळं तिला कुठे समजावत बसू?

आता घरातला तंटा. तुझी सून अमरावतीची. त्यांच्या महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा, मुखवटे, सोळा भाज्या, पुरण, आंबील. त्यांच्यासमोर कोंबडी ही कल्पनाच तिला झेपेना. मी म्हटलं, आमच्याकडे माहेरवाशिणीला तिखट घातलं नाही तर ती रुसते. ती म्हणाली, "मग तुमच्या माहेरवाशिणीला बाहेर बसवा." रागाने म्हणाली होती, पण तोडगा निघाला. दिवाणखान्यात तिच्या महालक्ष्म्या आणि मागच्या लाकडी ओट्यावर आपली तेरड्याची गौर. त्या ओट्याला इथे डेक म्हणतात, मी पहिल्या दिवसापासून पडवीच म्हणतो.

तेरडा कुठून आणला विचारशील. घरामागच्या ओहोळाकाठी ओलीत एक रानझाड माजतं, ज्यूलवीड नावाचं. नारिंगी फुलं, त्यांवर तांबडे ठिपके. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की फट्‌कन फुटून बिया उडतात. तेव्हाच ओळखलं, हा तेरड्याचाच भाऊबंद. पुस्तकात पाहिलं तर खरंच एकाच कुळातला निघाला. पाणवठ्यावरून गौर आणायची असते, तशी पोरीने ओहोळावरून सुपात घालून आणली. चिखलाचे बूट घेऊन ती थेट पुरणाच्या पातेल्यापर्यंत गेली, ते वेगळं.

कोंबडी तू पाठवलेल्या मसाल्यात रात्रभर मुरवली होती. रस्सा नाही गं, नुसत्या तंगड्या. कोळसे पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात पेटवायचे, वीसेक मिनिटांत वरून राख धरली की ग्रिलच्या एका बाजूला ओतायचे आणि तंगड्या दुसऱ्या बाजूला मांडून झाकण लावायचं. निखाऱ्यावर थेट ठेवल्या तर मसाला जळतो आणि आत कच्चं राहतं, हे मी गेल्या वर्षी शिकलो. (गेल्या वर्षी तुम्हांला फोटो का पाठवले नव्हते, ते आता कळलं असेल.) वडे मात्र आतच तळले. वड्यांत कोंबडी नसते, हे सूनबाईंनी मान्य केलं.

कोळसे विझायला आले तेव्हा धोंडसाची, आपल्या काकडीच्या भाजलेल्या गोडाची, आठवण झाली. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या बागेतली जून झालेली, पिवळी काकडी दिली होती, थेट आपल्या तवशासारखी. तू खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवतेस. इथे झाकण बंद केलं की वरची धग आपोआप मिळते, असा माझा हिशोब. वरून छान तांबूस आलं, खालून कोळसा. किती वेळ ठेवायचं ते नीट सांग. "अंदाजाने" म्हणू नकोस.

बाबा, हे पुढचं तुमच्यासाठी. इथला कामगार दिन १ मे नाही. ज्या शिकागोमुळे जग १ मे पाळतं, तो याच देशात, आणि यांची सुट्टी मात्र १८९४ पासून सप्टेंबरात. त्या दिवशी दुकानांत सेल असतात, म्हणजे दुकानातले कामगार कामावरच.

काकडी देणारे शेजारचे आजोबा तुमच्याच वयाचे. मूळचे याच ओहायोतल्या यंग्जटाउनचे. तिथली पोलादाची मोठी मिल सप्टेंबर १९७७ मध्ये एका सोमवारी बंद होणार म्हणून जाहीर झालं, हजारो लोकांचं काम गेलं. त्यात हे, बाविसाव्या वर्षी. वडा मोडत मोडत त्यांनी हे सांगितलं, आवाज न चढवता. मी म्हटलं, माझे वडीलही मिलमध्येच होते, मुंबईत, कापडाच्या. १९८२ चा संप झाला आणि आम्ही गावी आलो. ते लगेच पुढे सरकले आणि विचारलं, "कोणत्या खात्यात होते? मशीन कोणतं चालवायचे?"

मला सांगता आलं नाही, बाबा. चाळ सांगितली, भोंगा सांगितला, डब्यातली भाकरी सांगितली. तेही सगळं आईकडून ऐकलेलं. तुम्ही साचेखात्यात होतात की स्पिनिंगला? आजोबा अजून दोनदा विचारून गेलेत. पुढच्या रविवारी फोनवर आईला स्पीकर लावायला सांगा आणि जरा वेळ काढून बसा. मी वही घेऊन बसतो.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येणाऱ्या कोणाबरोबर पाठवतो.

तुमचा,
बाळ्या