गळका पेट्रोल पंप आणि अनोळखी मदतनीस

माझ्या जुन्या गाडीचा पेट्रोल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पाठवणारा) गळायला लागला, तेव्हा ‘नवा टाका’ म्हणून मोकळं न होता ‘आधी थेंब नेमका कुठून पडतोय ते बघा’ म्हणणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. पाइपाचे जोड कोरडे होते. पेट्रोल झिरपत होतं पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून, म्हणजे आतला डायफ्रॅम (पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा) फाटलेला. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) हुंगायला सांगणाऱ्याला तर खास सलाम! फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल आत उतरल्याने ऑइलला चक्क पेट्रोलचा वास. ते पातळ झालेलं ऑइल लगेच बदललं, नाहीतर इंजिनातल्या बेअरिंगांचं काही खरं नव्हतं. (इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही म्हणे, म्हणून नवा डायफ्रॅम त्याला दाद न देणारा घेतला.) नवा डायफ्रॅम बसवताना पंपाची लिव्हर पूर्ण दाबून धरूनच समोरासमोरचे स्क्रू आवळायचे, ही युक्ती सांगणाऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं. पंप आता कोरडा ठणठणीत आहे.