पालकाची सही

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "अगं, प्रगतिपुस्तकावर पालकाची सही घ्यायची असते, ती घेतली. त्यात मी काय मोठं केलं?" एवढं म्हणून तुम्ही विषय नातवंडांवर आणि गुडघेदुखीवर नेलात. फोन ठेवला आणि मला रडू आवरेना. मुलगा विचारत होता काय झालं, त्याला धड सांगताही येईना. म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय. तुमचं, शाळेचं, गावाचं नाव लिहीत नाही, तशी तुमची अटच होती.

वाचणाऱ्यांतले बरेचजण तेव्हा जन्मलेही नसतील, त्यांच्यासाठी थोडं मागचं. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतली १९७१ ची निवडणूक रद्द ठरवली. अर्ज त्या निवडणुकीत हरलेल्या राजनारायण यांचा होता. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. मग निवडणुकीचा कायदाच मागच्या तारखेपासून बदलला गेला आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं ती निवडणूक वैध ठरवली. ज्यांनी तोंड उघडलं होतं, किंवा उघडतील अशी भीती होती, ते तोवर आत गेलेले होते. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात आकडे आहेत: मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबता येणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. त्या पहिल्या आकड्यात आमचे अण्णा.

ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे. समाजवादी विचारांचे, रविवारी मुलांना जमवून गाणी आणि खेळ घ्यायचे. जुलैत पहाटे पोलीस आले आणि त्यांना नाशिक रोडच्या तुरुंगात घेऊन गेले. का, ते सांगितलं नाही. आणीबाणीत मिसाखाली सांगावं लागत नसे, पुढे तर कारणं कोर्टालाही दाखवायची नाहीत अशी दुरुस्ती झाली.

त्यानंतर आमच्याशी कोण कसं वागलं ते मला आजही एकेक करून आठवतं. माफ करा बाई, पण त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय तुमचं मोल मला सांगता येणार नाही. ज्या संस्थेसाठी अण्णांनी दारोदार वर्गणी गोळा केली होती, तिनं पगार थांबवला. "वरून आदेश आहे" म्हणाले. तो आदेश आईनं पुन्हा पुन्हा मागितला, कधी दाखवला नाही. रोज संध्याकाळी ओसरीवर चहा प्यायला येणारे अण्णांचे स्नेही आम्हाला बघून रस्ता बदलू लागले. आईला त्याचं इतकं लागलं होतं की अण्णा सुटल्यावर ते गृहस्थ हार घेऊन आले तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

मदत करणारेही होते, नव्हते असं म्हणणार नाही. शेजारच्या काकू मागच्या दारानं ताक आणि भाकरी देत. पण देताना दहादा बजावत, "कुणाला सांगू नकोस हं." त्यांचे उपकार आहेतच. त्यांच्या घरात सरकारी नोकरी होती, त्यांची भीती मी समजू शकते. तरी ते भांडं पदराखाली झाकून आणताना मला वाटायचं, आपल्या घरानं खरंच काहीतरी वाईट केलं असणार. दहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार?

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस. पाचवी ब. तुम्हाला नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि तुम्ही अजून कायम झाल्या नव्हता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. सहामाहीची प्रगतिपुस्तकं सह्या घेऊन परत आणायची होती. मी आईची सही आणली. तुम्ही पुस्तक उघडलंत, सहीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "बाई, तिचे वडील जेलात आहेत." कुणीतरी हसलं.

तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "माहीत आहे मला. जेलमध्ये टपाल जातं," म्हणालात. मग मला उभं करून विचारलंत, "तिथला पत्ता पाठ आहे का?" होता. पाठच होता, रोज पत्र लिहायचे मी. तुम्ही खडू उचललात आणि मी सांगत गेले तसं फळ्यावर लिहीत गेलात. श्री. लावून अण्णांचं पूर्ण नाव. खाली स्थानबद्ध. त्याखाली नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह. आणि वर्गाला म्हणालात, "पाकिटावर पत्ता कसा लिहायचा ते आज शिकू या. वह्या काढा." सगळ्या वर्गानं माझ्या वडिलांचं नाव आपापल्या वहीत उतरवून घेतलं. तो ओरडणारा मुलगासुद्धा खाली मान घालून लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट घेऊन ऑफिसात आले तेव्हा हेडसर तुम्हाला समजावत होते, "आईची सही चालते हो, कशाला उगाच." तुम्ही म्हणालात, "नियमात पालक लिहिलंय सर. पालक आहेत, बाहेरगावी आहेत." सर काहीच बोलले नाहीत. टपालखर्च तुम्ही स्वतःच्या पैशांतून केलात, हेही मला नंतर शिपाईमामांकडून कळलं.

ते प्रगतिपुस्तक परत आलं ते आत्ता माझ्यासमोर आहे. कोपरे मऊ पडलेत. पालकाच्या सहीच्या रकान्यात अण्णांची बारीक, उजवीकडे झुकलेली सही. तिच्या शेजारी तुरुंगाचा जांभळा गोल शिक्का, तपासणाऱ्याच्या आद्याक्षरांसह. शिक्क्याची कड हिंदीच्या गुणांवर गेली आहे. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे फक्त वर्गशिक्षकांनी लिहायचं असतं तिथे, तुमच्या "वर्तणूक चांगली" खाली उरलेल्या बोटभर जागेत अण्णांनी लिहिलंय: "अपूर्णांक कच्चे आहेत. बाईंना विचारत जाणे." आईनं ते मोठ्यानं वाचलं आणि हसली. जुलैनंतर पहिल्यांदा.

तिकडे काय झालं ते अण्णा पुढे कितीदा तरी सांगायचे. ते पुस्तक सबंध बराकीत फिरलं. संघाचे, समाजवादी, मार्क्सवादी, जमात-ए-इस्लामीचे, सगळे एकाच छपराखाली होते आणि बहुतेकांची मुलं शाळेत जाणारी. प्रत्येकानं माझे गुण पाहिले. जमातचे एक गणिताचे शिक्षक होते, त्यांनी माझ्यासाठी अपूर्णांकांची उदाहरणं काढून दिली, ती अण्णांच्या पुढच्या पत्रातून आली आणि मी तुमच्याकडूनच तपासून घेतली. अण्णा म्हणायचे, "आत गेल्यावर माणसाला कुणी काही काम सांगत नाही. नुसतं मोजतात, सकाळ-संध्याकाळ. त्या बाईंनी मला बापाचं काम सांगितलं."

त्या काळात आणखी एका कागदावर त्यांची सही हवी होती लोकांना. आईचे एक दूरचे भाऊ टाइप केलेला कागद घेऊन आले. इंदिराबाईंच्या वीस कलमी कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे, यापुढे राजकारणात भाग घेणार नाही, वगैरे. "एवढी सही केली की माणूस आठ दिवसांत घरी. मुलींच्या लग्नाचा तरी विचार करा," म्हणाले. अशा कागदांवर सह्या करून काहीजण सुटलेही. त्यांना मी नावं ठेवत नाही, कुणाच्या घरी आजारपण होतं, कुणाच्या घरी चूल पेटत नव्हती. माझा राग आहे तो बाहेर सुखात बसून दुसऱ्याच्या बायकोच्या हातात असा कागद कोंबणाऱ्यांवर. आई तो भेटीला घेऊन गेली. अण्णांनी वाचला, घडी घातली, परत दिला आणि विचारलं, "प्रगतिपुस्तक पोचलं का शाळेत?"

मोठ्या माणसांनी काय केलं? २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा पकडलं गेलं तरी स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येणार नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट मत दिलं होतं, आपल्या मुंबईच्याही. त्या चौघांतल्या न्यायमूर्ती बेग यांनी तर निकालपत्रात लिहिलं की सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेतं. चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, त्याचं दुःख अण्णांना मरेपर्यंत होतं. तो निकाल सुप्रीम कोर्टानं स्पष्टपणे रद्दबातल ठरवायला ऑगस्ट २०१७ उजाडलं, आणि ते लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव होते. अण्णा तोवर गेले होते.

एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्यांची तसबीर पुढे सुप्रीम कोर्टात लागली, लागायलाच हवी होती. पण बाई, १९७६ च्या त्याच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमचा वार्षिक निकाल लागला होता. वार्षिकला पालकाची सही लागत नाही. तरी तुम्ही माझं प्रगतिपुस्तक पुन्हा नाशिक रोडला पाठवलंत, सोबत चार ओळी: मुलगी सहावीत गेली, अपूर्णांक सुधारले. माझ्या हिशेबी खन्ना आणि तुम्ही एकाच बाकावर बसता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुम्ही नव्हता. "त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही," एवढंच ऑफिसात सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही. परवा मी तुम्हाला ते विचारलं तर तुम्ही "अगं, तात्पुरतीच होती ना ती जागा" म्हणालात. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. पण ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्यापैकी एकजण पुढे आणीबाणीविरोधी लढ्यावर भाषणं देत फिरला, ती मी ऐकली आहेत.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या आणि मोठे नेते सुटू लागले. अण्णा नेते नव्हते. मार्चमध्ये निकाल लागले, रायबरेलीत त्याच राजनारायणांनी इंदिराबाईंना पंचावन्न हजारांवर मतांनी पाडलं, २१ मार्चला आणीबाणी उठली, आणि मग आमच्याकडे तार आली. आरोप नाही, खटला नाही, दिलगिरीचा शब्द नाही. सुटकेच्या कागदावर नाव, तारीख आणि सही. घरी आल्यावर अण्णांनी तिसऱ्या दिवशी तुमची चौकशी सुरू केली. लग्न होऊन तुमचं आडनाव बदललं होतं, गाव बदललं होतं. त्यांना तुम्ही सापडला नाहीत. मला सापडलात ते आमच्या वर्गातल्या त्या मागच्या बाकावरच्या मुलामुळे. तो तुमच्या शेजारच्या गल्लीत राहतो म्हणे, आणि तुमची औषधं आणून देतो.

२०१८ मध्ये राज्य सरकारनं आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू केलं. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारनं ते बंद केलं, २०२२ मध्ये तिसऱ्यानं पुन्हा सुरू केलं. २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून आईचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आई खुर्चीत बसून शांतपणे सगळी नावं ऐकत होती, आणि शेवटी शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाली, "त्या बाईंचं नाव नाही का तुमच्याकडे?" त्याला काही समजलं नाही.

तुमच्यासारख्यांची यादी कुठल्याच सरकारकडे नाही. कुणी तरी तुरुंगाच्या गेटवर म्हातारीला बसायला खुर्ची दिली असेल, कुणी नोकरीच्या अर्जावर निमूट चांगला शेरा लिहिला असेल. तुरुंगात गेलेल्यांची घरं अशा माणसांनी धरून ठेवली. त्यांच्याकडे घोषणा नव्हत्या, कुठलाही पक्ष नव्हता, आणि आपण काही करतोय असं त्यांना वाटतही नव्हतं. तुम्हाला अजूनही वाटत नाही. राज्य कुणाचंही असो, वर्गात आलेल्या मुलीला इतर मुलींसारखंच वागवायचं, इतकं साधं तुमचं धोरण होतं आणि त्या वर्षी आमच्या गावात ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

बाई, तुमचे आभार मानायचे राहिले होते. अण्णांच्या वतीनं मानते, आईच्या वतीनं मानते, माझे स्वतःचे तर आहेतच.

पुढच्या महिन्यात मी आईला घेऊन तुमच्याकडे येतेय. तुम्ही नको म्हणालात तरी ती ऐकणार नाही, बॅग आत्तापासून भरून ठेवली आहे. तिला जिने चढवत नाहीत. तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, तेवढं कळवा.

आपली विद्यार्थिनी,
पाचवी ब