बाबा, या मे महिन्यात पाण्यात उतरायचंय

प्रिय आई-बाबा,

सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे जातो, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. भुसावळात ४५ च्या आसपास पारा आणि तुम्ही दोघं कूलरसमोर बसून, त्यापेक्षा महिनाभर इकडे या ना. दुपारी नाशिकही ४० ला टेकतं, खोटं कशाला बोलू, पण आपण इथे जवळपास ६०० मीटर उंचीवर आहोत, भुसावळ २०० च्या आसपास, त्यामुळे रात्री हवा बऱ्यापैकी उतरते आणि पहाटे तर चादर ओढावीशी वाटते.

आणि मुख्य म्हणजे पोहणं. त्र्यंबक रोडकडचा महापालिकेचा सावरकर तलाव बाबांना आठवत असेल. सकाळी पाणी एवढं गार असतं की पहिली पायरी उतरताना सगळ्यांच्या तोंडून "आई गं" निघतंच. कोरड्या हवेत उघड्यावरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, आपल्या माठाचंच गणित.

बाबा, तुम्ही विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलात हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय, पण आता सूर मारायचा नाहीये, छातीएवढ्या पाण्यात नुसतं चालायचंय. तेवढ्या पाण्यात शरीराचं जेमतेम पाव ते एक तृतीयांश वजन पायांवर येतं म्हणे, बाकीचं पाणी उचलतं, म्हणून जिना चढताना कुरकुरणारे गुडघे तिथे गप्प बसतात. तुमच्याच वयाचे एक काका रोज येतात, एका हाताने कडेचा दांडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालतात आणि मध्येच थांबून पोरांना "पाय सरळ मार रे" म्हणून ओरडतात. तुमचं जमेल त्यांच्याशी, नक्की!

आई, तुझं "मी या वयात कॉश्च्युम घालू?" मला आधीच ऐकू येतंय. लेडीज बॅच वेगळी असते गं, आणि गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा कॉश्च्युम मिळतो. अर्ध्या बायका पोहत नाहीतच, उथळ बाजूला उभ्या राहून कैऱ्यांचे भाव आणि सुनांच्या गोष्टी. फक्त उतरायच्या आधी शॉवर घ्यायचा. डोळे चुरचुरतात आणि तो उग्र वास येतो ना, तो क्लोरीन जास्त झाल्यामुळे नसतो, घाम आणि लघवीत क्लोरीन मिसळून तयार होतो. पोरांच्या बॅचनंतर मी तर जातच नाही, सांगून ठेवते.

डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागेल, ते तिथूनच घेऊन या, बाबांचं बीपीही तपासून होईल. तिकीट सकाळच्या गाडीचं काढा, मी नाशिकरोडला घ्यायला येते. आणि बाबा, ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणू नका, आत सोडत नाहीत.

तुमची,
सोनू