जत तालुक्यातील त्या अनाम मदतनीसांचे आभार

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघण्यापूर्वी माझ्या १६ वर्षांच्या पुतणीचे लग्न उरकून टाकायचे, असे आमच्या घरात ठरले होते आणि खरे सांगायचे तर मीही गप्पच होतो. त्याच आठवड्यात आशाताईंनी तिचे रक्त तपासले, हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेली वही वहिनींपुढे धरली आणि कोवळ्या वयातील बाळंतपणात आई व बाळ दोघांच्याही जिवाला कसा धोका असतो, हे चुलीजवळ बसून तासभर समजावले. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कोणी कळवले, हे आजही ठाऊक नाही; २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्नासाठी मुलीला १८ वर्षे पूर्ण हवीत, हे ग्रामसेवकांनी न रागावता सांगितले. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुतणी आता सकाळच्या एसटीने जतला अकरावीला जाते.