दारूगोळ्यावरच्या खुणा लोकांना समजावून सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर थोड्या दिवसांनी पेपरात एक बातमी येतेच. शेतात नाहीतर नदीपात्रात 'बॉम्बसदृश वस्तू' सापडली, परिसरात घबराट, पोलीस दाखल, आणि सोबत फोटो. त्या फोटोत कुणीतरी ती वस्तू चक्क हातात धरून उभा असतो, नाहीतर पाच-सात जण ती पायाशी ठेवून वाकून बघत असतात. माझी सगळी नोकरी आर्मी ऑर्डनन्समध्ये, दारूगोळ्याच्या डेपोत गेली आणि आता राहायला आहे के. के. रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या फायरिंगच्या मैदानाच्या, बाजूच्या तालुक्यात, त्यामुळे असा फोटो बघितला की मला खरंच कसंतरी होतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण कापू नका ही विनंती.

डेपोत नवीन पोरगा आला की त्याला सगळ्यात आधी पेटी वाचायला शिकवतात. पेटीच्या अंगावर स्टेन्सिलने मारलेली अक्षरं असतात, त्यात कॅलिबर म्हणजे गोळ्याची जाडी, मालाचं नाव आणि मार्क म्हणजे नमुना, किती नग, लॉट नंबर, बनवल्याचं साल आणि महिना, आत फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारा भाग, लावलेला आहे की वेगळा, सगळं असतं. शेलच्या, म्हणजे तोफेच्या गोळ्याच्या, अंगावरही तेच, शिवाय आत काय भरलंय ते, टीएनटी की अजून काही. अमेरिकन पद्धतीच्या १५५ एमएम शेलवर छोटे छोटे चौकोन पण असतात, चार चौकोन म्हणजे स्टँडर्ड वजन, कमी-जास्त असेल तर चौकोन कमी-जास्त, कारण थोड्या वजनाच्या फरकाने गोळा पुढे-मागे पडतो आणि तोफेवरच्या माणसाला ते आधी कळायला लागतं. लोकांना वाटतं ही सगळी मिलिटरीची गुप्त भाषा आहे. तसं अजिबात नाही, लपवायचं असतं तर एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला लिहिलं असतं? ती वाचण्यासाठीच आहे, पेटी हलवणाऱ्या हमालाने, ट्रकच्या ड्रायव्हरने, आग विझवायला आलेल्या माणसाने वाचावी म्हणून.

यात लॉट नंबर सगळ्यात महत्त्वाचा. एका दमात, एकाच मालातून, एकाच पद्धतीने भरलेले गोळे म्हणजे एक लॉट. फायरिंगच्या वेळी त्यातल्या एकाने जरी दगा दिला तर अख्ख्या लॉटवर बंदी येते, तो जिथे जिथे असेल तिथे बाजूला काढला जातो. पेटीवरचा नंबर पुसला गेला की हा धागाच तुटला, म्हणून नंबर नसलेल्या मालाला डेपोत कुणी साधा माल म्हणत नाही, त्याला संशयितच धरतात.

आता धोक्याची वर्गवारी. जगभर स्फोटकं युनायटेड नेशन्सच्या पद्धतीप्रमाणे क्लास १ मध्ये धरतात आणि त्याचे पुढे सहा भाग आहेत. १.१ म्हणजे एक फुटलं की सगळा ढीग एका क्षणात फुटणार. १.२ म्हणजे ढीग एकदम जाणार नाही पण तुकडे आणि अख्खे गोळे लांबवर उडत राहणार. १.३ म्हणजे भयंकर आग आणि उष्णता, तोफेची प्रोपेलंट दारू, म्हणजे गोळा पुढे फेकणारी, बऱ्याचदा यात येते. १.४ म्हणजे धोका जास्त करून पेटीपुरताच, रायफलच्या गोळ्या यात. इथपर्यंत आकडा वाढला की धोका उतरतो असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो, कारण १.५ मधला माल पेटायला कठीण असला तरी फुटला तर १.१ सारखाच अख्खा फुटतो. खाणीत अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं जे मिश्रण वापरतात ते साधारण यात येतं. १.६ मधला माल तर पेटायला त्याहून कठीण, मुद्दाम तसा बनवलेला.

आकड्यापुढे एक अक्षर असतं, ते कोण कुणाशेजारी बसू शकतं ते सांगतं. डेटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोटकाला पेटवणारा छोटा स्फोटक भाग, बी गटात, टीएनटी सारखी मुख्य स्फोटकं डी गटात, फॉस्फरसवाला माल एच, आणि पेटीच्या बाहेर फारसा परिणाम होत नाही असा माल एस. बी आणि डी एका खोलीत ठेवायचे नाहीत ही पहिली शिकवण, कारण डेटोनेटर जरासा दणका बसला तरी उडतो आणि शेजारी डी असेल तर त्यालाही घेऊन जातो. केशरी रंगाच्या चौकोनी लेबलवर "१.१ डी" एवढंच लिहिलेलं असतं पण त्यात हे सगळं आलं.

याची किंमत मुंबईने मोजलीय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज. जहाजावर जवळजवळ १४०० टन स्फोटकं होती, त्यातला काही माल सगळ्यात संवेदनशील अशा 'ए' वर्गातला, आणि कराचीला त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी भरल्या, दोन नंबरच्या खणात तर दारूगोळा आणि कापूस एकत्र. स्फोटकांचं जहाज असेल तर लाल बावटा लावायची पद्धत, तो लावलेला नव्हता. दुपारी कापूस धुमसायला लागला, अग्निशमन दलाची माणसं पाणी मारत राहिली आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण. या स्फोटाचा विषय निघाला की लोक उडालेल्या सोन्याच्या विटांचं सांगतात, मला ते ऐकवत नाही. सांगायचं असेल तर हे सांगा की कागदावर सगळं लिहिलेलं होतं, ए वर्ग लिहिलेला होता, कापूस लिहिलेला होता, पण शेजारच्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या माणसांना बाहेरून दिसेल असं काहीच नव्हतं. त्या ६६ जणांच्या आठवणीतच १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात, पण त्या सप्ताहात शाळांमध्ये सिलेंडरचं प्रात्यक्षिक होतं, या पाट्या कुणी दाखवत नाही.

आणि पाट्या आहेत, आज आहेत. दारूगोळ्याच्या शेडवर केशरी पाटी लावतात आणि तिचा आकार मुद्दाम वेगवेगळा ठेवलाय, १.१ ला अष्टकोन, १.२ ला फुलीसारखा क्रॉस, १.३ ला उलटा त्रिकोण, १.४ ला हिरा. धुरात आणि रात्री आकडा वाचता येत नाही, आकार मात्र लांबून ओळखता येतो, म्हणून ही सोय. बंबावरच्या माणसाने अष्टकोन बघितला आणि आग मालापर्यंत पोचलेली दिसली तर त्याने पाइप सोडून माणसं मागे न्यायची, हिरा दिसला तर आग विझवायची. म्हणजे तिथे थांबायचं की पळायचं एवढा मोठा निर्णय त्या पाटीवर आहे. नगरपालिकेच्या बंबावरच्या किती पोरांना हा आकार माहीत असेल? तालुक्याच्या गावच्या बंबाला फटाक्याच्या गोदामाला आग लागली तरी बोलावतात, खाणीच्या स्फोटकांचा ट्रक उलटला तरी बोलावतात, आणि डेपोच्या शेजारच्या गावात असेल तर तिकडेही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री लष्कराच्या दारूगोळा डेपोत आग लागली तेव्हा विझवायला गेलेली माणसंच गेली, त्यात दोन अधिकारी होते आणि फायरची माणसं होती. ती तर ट्रेनिंग घेतलेली माणसं होती. मग ज्यांना काहीच शिकवलेलं नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

आता गावाकडचा मुद्दा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. रेंजवर फायरिंग झाल्यावर जो गोळा फुटत नाही त्याला आम्ही ब्लाइंड म्हणतो. पेटीतला गोळा आणि ब्लाइंड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेटीत असताना फ्यूजमधले सेफ्टीचे भाग जागेवर असतात. गोळा सुटला की त्या झटक्याने, आणि तोफेचा असेल तर त्याच्या गरगर फिरण्याने, ते भाग सुटतात आणि फ्यूज तयार होतो. तो पडून फुटला नाही म्हणजे फ्यूज तयार अवस्थेतच कुठेतरी अडकून बसलाय, मग नांगर लागला, पोराने उचलून आपटला, भंगारवाल्याने पितळ काढायला छिन्नी मारली की झालं. आणि बाहेरची खूण दोन्हीवर तीच! खूण सांगते आत काय आहे, फ्यूजची अवस्था नाही सांगत. म्हणून कुणी मला विचारलं की काका लिहिलेलं वाचून कळेल का धोका आहे की नाही, तर माझं उत्तर आहे, वाचायला जवळ जायचंच नाही.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. नाटोच्या पद्धतीत पिवळी खूण म्हणजे आत हाय एक्स्प्लोसिव्ह, फिका हिरवा म्हणजे धूर, पांढरा म्हणजे उजेडाचा गोळा, काळा म्हणजे चिलखत भेदणारा आणि निळा म्हणजे सरावाचा. लोक ऐकतात निळा सरावाचा आणि समजतात की पोकळ आहे. निळ्यातही कुठे पडला ते दिसावं म्हणून थोडी दारू भरलेली असू शकते आणि ती बोटं उडवायला पुरते. रशियन मालाची पद्धत वेगळी, ब्रिटिशांच्या जुन्या मालाची वेगळी, आणि आपल्या फौजेत हे सगळे नमुने वापरात येऊन गेलेत. दोन पावसाळे मातीत पडलेल्या गोळ्यावर तर रंग उरतच नाही, नुसता गंज. अशा बिनखुणेच्या वस्तूला सगळ्यात वाईट प्रकारचा गोळा समजायचं, डेपोतला नियम शेतातही तोच.

लोक भंगार का गोळा करतात हे मी जाणतो. पितळेला आणि तांब्याला भाव आहे, दुष्काळी पट्टा आहे, रोजगार नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ बाद माल नष्ट करण्याच्या कामाच्या वेळी स्फोट होऊन ६ जण गेले, त्यात रोजंदारीवर आलेली आसपासच्या गावची माणसं होती. त्यांना दोष देऊन काय मिळणार, जो पेटी उचलतो त्याला त्या पेटीवरचं वाचता आलं पाहिजे आणि ते त्याला त्याच्या भाषेत सांगायला पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

अंतराबद्दलही थोडं. पुण्याजवळच्या देहूरोड डेपोभोवती २००० यार्डाचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टा, आहे, निगडी, तळवडे, किवळे भागातले हजारो लोक त्यात अडकलेत आणि त्यांचा राग मी समजू शकतो. पण अंतर कशावर ठरतं हे कुणी सांगत नाही म्हणून तो राग अजून वाढतो. अंतर दोन गोष्टींवर ठरतं, माल कुठल्या वर्गातला आणि एका जागी किती किलो. १.१ च्या मालाचं अंतर वजनाच्या घनमुळाच्या हिशोबात वाढतं, म्हणजे माल आठपट केला तर अंतर दुप्पट होतं. तेवढ्याच वजनाच्या रायफलच्या गोळ्यांना याच्या कितीतरी कमी जागा लागते. हा हिशोब काही गुपित नाही, कुठल्या शेडमध्ये काय आहे ते गुपित असलं पाहिजे आणि ते तसंच राहू द्या, पण हिशोबाची पद्धत लोकांना समजावली तर अंतर कमी करा म्हणणारा आणि कमी करता येणार नाही म्हणणारा निदान एकाच पानावरून बोलतील.

तर संपादकसाहेब, मागणं असं आहे. पेट्रोलियम आणि एक्स्प्लोसिव्हची सेफ्टी बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, खडकी, भंडारा, भद्रावती, वरणगावला कारखाने आहेत, माहितगार निवृत्त माणसं गावोगाव बसलीत. त्यांना बोलवा आणि अग्निशमन सप्ताहात अर्धं पान चित्रांसकट छापा, चार पाट्यांचे आकार, केशरी लेबल, मॉर्टरच्या गोळ्याचे शेपटीचे पंखे कसे दिसतात ते, आणि मोठ्या अक्षरात की हात लावू नका, हलवू नका, जागेजवळ काहीतरी खूण ठेवून लांब व्हा, ११२ ला फोन करून जागा सांगा. ते पान रेंजच्या कडेच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, भंगाराच्या प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक फायर स्टेशनला लावता येईल. फायरिंगच्या दिवशी रेंजवर लाल झेंडे लागतात ते दिसतात सगळ्यांना, फायरिंग संपून झेंडे उतरले की गुराखी पोरं आत शिरतात, म्हणून त्या पानावर हेही छापा की झेंडा उतरला म्हणजे जमीन साफ झाली असं नाही.

आणि एक, आपल्या वार्ताहरांना सांगा की गोळा हातात धरलेला फोटो कितीही चांगला आला तरी छापायचा नाही. तो बघूनच पुढच्या गावातला पोरगा हात लावतो. चित्रांसाठी किंवा मजकूर तपासायला माझी मदत लागली तर मी यायला तयार आहे, गाडीभाडं माझं मी करीन.

आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी ऑर्डनन्स कोअर
ता. पारनेर, जि. अहिल्यानगर