अकोट स्टँडवरच्या काळी-पिवळीवाल्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, पण हे पत्र वाचणारे अर्धे अकोटकर तुम्हाला ओळखतील.

2017 च्या सुरुवातीला अकोला–अकोटची छोटी लाइन, म्हणजे मीटरगेज रेल्वे, बंद झाली, तेव्हा माय धडधाकट होती. मोठी लाइन (ब्रॉडगेज) होईल, वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे, असंच सगळे म्हणायचे. रूळ पडले, 2020 मध्ये तपासणीही झाली, गाडी मात्र येईना. तोवर मायच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोला गाठणं नशिबी आलं.

तुम्ही तिला कायम खिडकीजवळ बसवलंत, डावा हात बाहेरच्या बाजूला राहील असं. त्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं जोडलेली शीर, त्याला कुणाचा धक्का लागू नये, हे मी एकदाच सांगितलं होतं. परतताना तिला हुडहुडी भरायची, म्हणून सीटखाली गोधडी ठेवू लागलात. गाडी भरल्याशिवाय स्टँड न सोडणं हा तुमचा धंदा. माय मागे बसली असली की दोन सीट रिकाम्या ठेवून निघायचात.

मग ऑक्टोबर 2022 मध्ये गांधीग्रामचा पूर्णेवरचा पूल तडे गेल्यामुळे बंद झाला. पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता, पण केवढा वळसा! डिझेल वाढलं, वेळ वाढला, तरी मायच्या तिकिटाला तुम्ही एक रुपया जास्त घेतला नाहीत. डायलिसिस एकदाही चुकलं नाही, ते तुमच्यामुळे.

23 नोव्हेंबर 2022 ला अकोला–अकोट गाडी सुरू झाली. पाटसूल, गांधी स्मारक रोड, उगवा इथली माणसं नुसती गाडी बघायला फलाटावर आली होती. पुलापायी अडकलेली कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, सगळ्यांना वाट मिळाली. अकोटच्या पुढची अडगाव, हिवरखेडकडची माणसं मात्र तेव्हा ताटकळतच राहिली.

पुढच्या डायलिसिसला तुम्हीच आम्हाला स्टेशनवर सोडलंत. गाडीमुळे तुमच्या सीट कमी होणार, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी मायला म्हणालात, "आता धक्के नाई लागत तुले, माय. तू आगगाडीनंच जात जाय." फलाटावरचं बाकडं थंड असतं म्हणून गोधडीही तिच्या हातात दिलीत.

त्या दिवशी माय उगव्यापर्यंत काही बोलली नाही. डोळे पुसत बाहेर बघत होती.

तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत, भाऊ. गोधडी आमच्याकडेच राहिलीय. मायनं धुऊन, उसवलेली कड उजव्या हातानं टाचून ठेवलीय. रविवारी तिला घेऊन स्टँडवर येतो. तिला ती स्वतः तुमच्या हातात द्यायचीय.

तुमचा,
मायचा धाकटा